मामा तलावातलं कुमुद

मामा तलाव म्हणजे माझ्या मामाचा तलाव, असं मी चांगली चौथीत जाईपर्यंत समजत होते. समज व्हायला कारणही तसंच होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही मामाकडे जायचो, आणि तिथं पोचल्या पोचल्या मामा आम्हाला तलावाच्या पाळीवर घेऊन जायचा. इतक्या ऐटीत, की सगळं पाणी त्याच्याच बापजाद्यांचं. गाव अर्जुनी मोरगावच्या बाजूचं. तेव्हा तो भंडारा जिल्हाच होता. गोंदिया वेगळा झाला १९९९ मध्ये. पुढे कधीतरी मामानंच हसत हसत सांगितलं, की 'माजी मालगुजारी' या दोन शब्दांची पहिली अक्षरं घेतली की 'मामा' होतात. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, संपली, तलाव सरकारजमा झाले आणि नाव तेवढं मागे राहिलं. मला वाईट वाटलं. अजूनही थोडं वाटतं.

पूर्व विदर्भात असे सहा-सात हजार तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या लोकांनी ते बांधले. उतार बघून पाळ घालायची, पावसाचं पाणी अडवायचं आणि खाली धान पिकवायचं. नवेगाव बांधचा मोठा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं तिथं सगळे सांगतात. आमच्या गावचा तलाव त्याच्यापुढे अगदीच लहान, बोडीपेक्षा, म्हणजे शेतातल्या छोट्या तळ्यापेक्षा, जरा मोठा म्हणा. पण त्यात कमळं होती.

आता ती कमळं नव्हती, हे मला कळायला आणखी वीस वर्षं लागली. गावात पाण्यातल्या कुठल्याही मोठ्या फुलाला कमळच म्हणतात, आणि त्यात गावाची काही चूक नाही. पण खऱ्या कमळाचं पान पाण्याच्या वर दांडीवर छत्रीसारखं उभं राहतं, त्याच्यावर पाणी ठरत नाही आणि दांडी पानाच्या मधोमध जोडलेली असते. आमच्या तलावातली पानं पाण्यावर आडवी पसरलेली, एका बाजूनं देठापर्यंत चिरलेली, कडेला करवतीसारखे दाते आणि खालची बाजू जांभळट. ते कुमुद. उष्ण प्रदेशातल्या कुमुदांची आणखी एक खूण म्हणजे फूल पाण्यावर टेकत नाही, वीतभर वर मान काढून उभं असतं. दिसायला दोघं भाऊ वाटतात, पण कमळाचं घराणं पार वेगळं. कुमुदाचं घराणं तर फुलझाडांच्या वंशवृक्षात अगदी बुडाशी फुटलेल्या फांद्यांपैकी, दहा कोटी वर्षांहून जुनं.

नावांचा हा घोळ इथंच थांबत नाही. कास पठाराजवळच्या ज्या तळ्यावर कुमुदिनीची पांढरी झालरीची फुलं बघायला लोक जातात, ती कुमुदिनी कुमुदाच्या घराण्यातली नाहीच. आणि ज्या मखान्याला आपण उपासाला 'कमळाचं बी' म्हणून तुपात परततो, तो कमळाचा नाही. तो कुमुदाच्या घराण्यातल्या एका काटेरी, भल्यामोठ्या पानांच्या वनस्पतीचा, मिथिलेच्या तळ्यांतला. माझ्या सासूबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "उपासाला चालतो ना? मग झालं."

आमच्या तलावातलं कुमुद पांढरं होतं आणि रात्री उमलायचं. आजी सांगायची, "चांद पाहून उमलते ते." जुन्या कवींनीही तेच सांगितलंय. कमळ सूर्याचं, कुमुद चंद्राचं. चंद्राला कुमुदबांधव असं नावच आहे. मग चंद्र नसेल त्या रात्री काय होतं? लहानपणी मी हा प्रश्न आजीला विचारला होता. अवसेला तलावाकडे जायचं नसतं, एवढंच उत्तर मिळालं.

गेल्या वर्षी नागपूरच्या आमच्या गच्चीवर मी ते बघून घेतलं. टबमध्ये गावाकडचं पांढरं कुमुद आहे (ते कसं आलं, ते पुढे सांगते), आणि भाद्रपदातल्या अवसेला त्याला कळी होती. संध्याकाळी साडेसहाला घट्ट मिटलेली. सातला कुकर लावून आले तेव्हा बाहेरची हिरवी पाकळी टाचणीएवढी सुटली होती. साडेसातला वीज गेली, म्हणजे चंद्र तर नाहीच, रस्त्यावरचा दिवाही नाही. आठला टॉर्च मारला तर फूल बशीएवढं उघडलेलं, मधला पिवळा झुबका स्वच्छ दिसत होता. त्याचं घड्याळ उजेड-अंधारावर आणि हवेतल्या उष्णतेवर चालतं, चंद्राचा काही संबंध नाही. सकाळी नऊ-साडेनऊला ते मिटायला लागतं. कवींची वेळ बरोबर होती, कारण तेवढं चुकलं. वेळ बरोबर यायलाही कुणीतरी तळ्याकाठी रात्र काढलेली असणारच.

लहानपणी फुलापेक्षा आम्हाला देठाचं अप्रूप जास्त. हातभर लांब देठ घ्यायचा, दोन बोटांवर मोडायचा, एका बाजूची साल तशीच ठेवून ओढायची. मग पुढचा तुकडा दुसऱ्या बाजूनं. असं करत गेलं की देठाचे हिरवे मणी सालीच्या दोऱ्यात लटकतात आणि खाली पदक म्हणून फूल. त्या माळेचं पाणी गळ्यावरून पोटापर्यंत ओघळायचं. मोडलेल्या देठात आरपार नळ्या दिसायच्या, स्ट्रॉ एकत्र बांधल्यासारख्या. एकदा मामेभावानं देठाचं एक टोक पाण्यात बुडवून दुसऱ्या टोकानं फुंकर मारली, तर तळाशी बुडबुडे आले. तो खेळ त्या दिवशी सगळ्यांनी खेळला, आणि खरं तर त्या झाडाचं सगळं जगणं त्या बुडबुड्यांत होतं.

तळ्याचा चिखल म्हणजे सडलेली पानं, काळा गाळ, अंड्यासारखा वास. प्राणवायू जवळपास नाहीच. त्यात कुमुदाचा कंद आणि मुळं असतात, आणि मुळांना तर श्वास लागतो. पानाची छिद्रं वरच्या बाजूला, कारण खालची बाजू पाण्याला चिकटलेली. तिथून हवा आत घेऊन देठाच्या नळ्यांतून खाली पोचवायची. १९८० मध्ये जॉन डेसी या संशोधकानं हे मोजलं, कुमुदाच्याच घराण्यातल्या एका पिवळ्या फुलाच्या वनस्पतीवर. कोवळी पानं उन्हानं तापली की त्यांच्या आत थोडा दाब तयार होतो. त्या दाबानं हवा देठातून खाली कंदात जाते आणि जुन्या, छिद्रं सैल झालेल्या पानांच्या देठातून वर येऊन बाहेर पडते. तरुण पानं हवा घेणार, म्हातारी सोडणार. एका झाडातून दिवसाला २२ लिटरपर्यंत. वारा वाहतोय तळ्याच्या पोटात, आणि वर पान मख्ख. येताना तोच वारा चिखलातला मिथेनही बाहेर काढतो, हेही खरं आहे. निसर्गप्रेमी लेखांत ते लिहीत नाहीत.

आणखी एक गोष्ट त्या लेखांत हमखास चुकते. कुमुद पाण्यात प्राणवायू सोडतं, म्हणून मासे जगतात, असं लिहिलेलं असतं. ते पान सोडतं तो प्राणवायू बहुतेक वर हवेत जातो, थोडा मुळांभोवतीच्या चिखलात. पाण्याला प्राणवायू देतात त्या पाण्याखालच्या वनस्पती, गावातले लोक सरसकट ज्यांना शेवाळ म्हणून मोकळे होतात त्या. कुमुदानं सगळं पाणी झाकलं तर खाली अंधार होतो आणि पाणी घुसमटतं. पण आमच्या तलावात ते कधी झालं नाही, कारण कुमुदाला तळ लागतो. जलपर्णीसारखं ते तरंगत हवं तिकडे जाऊ शकत नाही. पाणी पुरुषभरापेक्षा जास्त खोल झालं की ते मागे थांबतं. म्हणून तलावाच्या मधोमध मोकळं पाणी आणि काठाला पानांचा पट्टा, अशी आपोआप वाटणी झालेली असायची. धानाला पाणी सोडलं की पट्टा आत सरकायचा. उन्हाळ्यात तळ उघडा पडला, भेगाळला, तरी कंद खाली निजलेला. मृगाचं पाणी आलं की पंधरा दिवसांत लालसर कोवळी पानं वर.

तो पट्टा म्हणजे काय होतं, ते मला डोंग्यात बसून कळलं. कॉलेजला असताना एकदा पहाटे ढीवरांच्या, म्हणजे मासेमारी करणाऱ्या लोकांच्या, डोंग्यातून जाळी काढायला गेले होते. ज्यांच्या डोंग्यात बसले त्या काकाजींनी मला एक पान उलटं करून दाखवलं. मी आजवर शेकडो पानं वरून बघितली होती. खालून पान म्हणजे अख्खी चाळ होती. शिरांच्या मधल्या कोपऱ्यात गोगलगायीच्या अंड्यांचा जेलीसारखा ठिपका. टाचणी नावाच्या, चतुरासारख्या बारीक किड्यानं शेपूट वाकवून पानात टोचलेल्या अंड्यांची बारीक कमानदार रांग. पानाचाच लंबगोल तुकडा कातरून, दोन तुकड्यांच्या मध्ये पाकिटासारखी बसलेली एक अळी. तिनं कातरलेली जागा वरून नेमकी दिसते, कुणीतरी कात्री चालवल्यासारखी. देठाला चिकटलेला हिरवा बुळबुळीत थर, आणि त्याला टोचा मारणारी बोटाच्या पेरापेक्षा लहान मासोळी. काकाजींनी पान परत सुलटं ठेवलं. नुसतं टाकलं नाही, ठेवलं.

पुढे पानांच्या मधल्या फटीत लालसर ठिपक्यांचा एक गोळा पाण्याशी वरखाली होत होता. "मरळीचे पिल्लं," ते म्हणाले. खाली माय-बाप राखण करत असतात. बोट घातलं तर चावतात. मरळ काठाच्या झाडोऱ्यातच वीण घालते. उघड्या पाण्यात तिची पिल्लं बगळ्याला दिसली असती.

आणि त्या पानांवरून चालत होता कमळपक्षी. पावसाळी वेशात, मानेमागे सोनेरी, शेपटी लांब, काळी, कोयत्यासारखी वाकलेली. त्याची बोटं इतकी लांब की त्याचा भार चार पानांवर वाटला जातो. या पक्ष्यात संसाराची उलटी रीत आहे. मादी मोठी. ती चार चकचकीत तपकिरी अंडी घालते आणि दुसऱ्या नराकडे निघून जाते. पुढचं सगळं बापानं करायचं. पाणी चढलं तर तो अंडी चोच आणि छातीच्या मध्ये धरून दुसऱ्या पानावर हलवतो.  काकाजींना मी विचारलं, मादी एवढी मोकाट कशी? ते म्हणाले, "थे तिचं तिले माहीत जी. आमी जाळ्याकडे पाहतो."

हे सगळं गेलं ते एका उन्हाळ्यात. तलावाचं सुशोभीकरण आलं. कुणी केलं, कुठल्या निधीतून केलं, यात मी शिरत नाही. जेसीबी आले, गाळ काढला, काठ खरवडून उभा केला, पाळीला पेव्हर ब्लॉक लागले आणि फोटो काढायला रंगीत अक्षरांची पाटी. गाळ काढणं वाईट नाही. आमचे पूर्वजही गाळ काढायचे आणि शेतात टाकायचे. पण ते उतार ठेवायचे. उभ्या काठाला कुमुदाला बसायला जागाच नाही. पाय टेकला की एकदम छातीभर पाणी. वर कुणीतरी गवत्या माशाचं बोटुकलं सोडलं, त्यानं पाण्याखालचा उरलासुरला पालाही साफ केला. सावली गेली, गाळातलं खत पाण्यात मिसळायला मोकळं झालं आणि पुढच्या वैशाखात तलाव वाटाण्याच्या सुपासारखा हिरवा. रोहू-कतला मिळत होते, मरळ मिळेना. मी नागपूरहून एक अर्ज लिहून पाठवला. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

मग मी एक शहाणपणा केला.

गच्चीवर माझ्याकडे आधीपासून एक टब होता, नर्सरीतून घेतलेल्या निळ्या कुमुदाचा. ते दिवसा उमलणारं. सकाळचा चहा-नाश्ता झाला की उघडतं आणि दुपारी चारपर्यंत मिटतं. एक फूल तीन-चार दिवस चालतं. पहिल्या दिवशी ते फक्त मादी असतं. मधोमध वाटी, वाटीत गोडसर पाणी, भोवती गुळगुळीत, ताठ पुंकेसरांचं कुंपण. दुसऱ्या फुलाचा पराग घेऊन आलेली माशी घसरून त्या पाण्यात पडते आणि तिच्या अंगावरचा पराग धुऊन निघतो. कधी माशी निघते, कधी बुडते. एकदा मला वाटीत एक बारीक मधमाशी मेलेली सापडली. बक्षीस नाही, काही नाही. पहिल्या दिवशी त्या फुलात परागही तयार नसतो. दुसऱ्या दिवशी तेच फूल उघडतं तर वाटी कोरडी, पुंकेसर आत झुकून वाटीवर छप्पर करून बसलेले, आणि आता पराग हवा तेवढा घ्या. फळ धरलं की देठ वाकतो आणि फळ पाण्याखाली ओढून नेतो. तिथं ते पिकतं, फुटतं, बिया थोडा वेळ तरंगतात आणि बुडतात.

पण या नर्सरीच्या संकराला बियांची गरजच नव्हती. त्याच्या जुन्या पानाच्या बेंबीत, जिथं देठ जोडलेला असतो तिथं, एक केसाळ गाठ यायची आणि तिच्यातून चिमुकलं पान, पानाखाली मुळं. आईच्या पोटावरच बाळ. एका पावसाळ्यात माझ्याकडे अशी अकरा बाळं झाली. मी ती ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळली, डब्यात घातली आणि गावी निघाले. तलाव मी परत फुलवणार होते.

पाळीवर तेच काकाजी भेटले, आता बरेच वाकलेले. डब्यात डोकावले.

"काहून आणलं बाई हे?"

"तलावात लावायला. कमळं गेली ना सगळी."

"हे इकडचं होय का?"

"नाही, विकत घेतलंय. पण लवकर पसरतं."

"थेच तं," ते म्हणाले. "तुमी तं नागपूरले चालल्या जासान, अन् आमाले काढत बसा लागन. बेशरम बी असंच कोनी तरी चांगलं म्हनून आनलं होतं."

बेशरम म्हणजे ती जांभळट फुलांची, तळ्याकाठी माजणारी झुडपं. नावातच सगळं आलं. कुंपणाला, हिरवळीच्या खताला चांगलं म्हणून आणलेलं, आणि मग काढता काढता लोकांच्या पिढ्या गेल्या. मी डबा बंद केला. नऊ बाळं मी ऑफिसात वाटली, कुंडीबाहेर न नेण्याच्या बोलीवर. दोन दगावली.

काकाजींनीच मला सांगितलं, की अर्जुनी मोरगावकडच्या काही गावांत त्यांच्याच ढीवर समाजातल्या बाया-माणसांनी तलाव पुन्हा बसवलेत. भंडाऱ्याच्या मनीष राजनकर यांनी अनेक वर्षं या लोकांबरोबर तेच काम केलंय. पद्धत ऐकायला साधी. बेशरम उपटायचं, उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या तळाची नांगरट करायची आणि दुसऱ्या चांगल्या तलावातून आणलेल्या इथल्याच पाणवनस्पती तळात लावायच्या, काही पाण्याखालच्या, काही तरंगत्या पानांच्या. शेतात रोवणी करतात तशी तलावात रोवणी. कुठल्या माशाला कुठली वनस्पती लागते, हे त्या लोकांना तोंडपाठ होतं. ते लिहून घेण्यापासून सुरुवात झाली. गावठी मासे परतले, पक्षीही. मला यात सगळ्यात काय आवडलं असेल तर कुणी नर्सरीत गेलं नाही.

आमच्या तलावाला लावायला कंद कुठून आणायचा, हा प्रश्न मग दोन वर्षं नुसताच फोनवर राहिला. मामेभाऊ दर वेळी म्हणायचा, बघू. आणि एका आषाढात त्याचाच फोन आला, जरा वैतागलेला.

"तुझं कमळ माझ्या धानात निघालंय. न्यायचं असेल तर ये, नाहीतर निंदणीत काढून टाकतो."

गाळ. तलावातून काढलेला गाळ गावानं ट्रॉलीनं शेतात नेला होता, आणि त्याच्या खालच्या बांधीत, जिथं पाणी साचून राहतं, तिथं धानाच्या रोपांमध्ये तळहाताएवढी लालसर पानं तरंगत होती. गाळातून बी आलं की कंद, कुणास ठाऊक. सात-आठ झाडं असतील. मी साडी खोचून बांधीत उतरले आणि हातानं चिखल उकरत गेले. कंद अक्रोडाएवढा, काळा, केसाळ, बोटांत धरला तर घट्ट. एक मी नागपूरला आणला, तोच गच्चीवर अवसेला फुलला. बाकीचे भावानं बादलीत ठेवले.

तलावाच्या उभ्या काठाला एकच जागा अशी आहे जिथं पाण्याच्या मारानं पेव्हर ब्लॉक खचलेत आणि माती आत ढासळून उतार झालाय. सांडव्याच्या बाजूला. तिथं काकाजींनी गुडघाभर पाण्यात उभं राहून ते कंद एकेक करून पायाच्या अंगठ्यानं दाबले. त्यांना आता वाकवत नाही. भाऊ काठावरून म्हणाला, ते खचलेले ब्लॉक दुरुस्त करायला माणसं येणार आहेत दिवाळीनंतर. काकाजी म्हणाले, "येऊ दे. त्यायले मी पाहतो."